रजेचा डबा

कुणाविषयी लिहावं एवढा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. लिहिणं म्हणजे आमच्याकडे नाव, पत्ता आणि खाली सही. त्यामुळे हे वाचताना काही कमी-जास्त वाटलं तर दोष माझा आहे, ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांचा नाही.

शेवटच्या वर्षाला अर्थशास्त्राच्या बाईंनी आम्हाला एक विषय दिला होता. एका देशातला कामगार तासाभरात जेवढं काम करतो तेवढं दुसऱ्या देशातला का करत नाही? फरक कष्टाळूपणाचा असतो, की आजारपणात, म्हातारपणात मिळणाऱ्या आधाराचा? मी निबंध लिहिला, मार्कही बरे पडले. पण लिहिताना सारखी ज्या बाई डोळ्यांसमोर होत्या त्यांचं नाव त्यात कुठेच आलं नाही. निबंधात तसं घालत नाहीत. ते राहून गेल्यासारखं वाटत होतं, म्हणून हे वेगळं लिहितो.

त्यांचं नाव हेमलता तांडेल. आम्ही सगळे हेमाताई म्हणायचो.

परळला जिथे पूर्वी गिरणी होती तिथे आता काचेची उंच इमारत आहे. तिच्यात आमचं ऑफिस होतं. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून नऊपर्यंत नोकरी असं माझं दोन वर्षं चाललं. नायगावहून मी चालत जायचो. काम असं, की युरोपातल्या एका थंड देशात एका कंपनीची मोठमोठी गोदामं आहेत, तिथल्या कामगारांच्या आजारपणाच्या रजा आम्ही इथे बसून बघायचो. देशाचं नाव लिहीत नाही, नोकरीला लागताना तशी सही केली होती. तिकडे कुणी आजारी पडला की त्याची केस आमच्या स्क्रीनवर यायची. पगार चालू ठेवायचा, डॉक्टरची तारीख लावायची, आणि तो बरा होऊ लागला की त्याला कामावर परत आणायचं वेळापत्रक करायचं. हे वेळापत्रक मला सुरुवातीला खोटंच वाटलं होतं. पहिल्या आठवड्यात रोज दोनच तास, पुढे अर्धा दिवस, आणि जमलं तर मग पूर्ण. पगार मात्र पहिल्या दिवसापासून.

आणि हे सगळं मंजूर करणारे आम्ही. आमच्यातलं कुणी आजारी पडलं तर बदली माणूस नव्हता. त्या दिवशीच्या त्याच्या केसेस हजर असलेल्यांत वाटून दिल्या जायच्या. ह्याला आम्ही वाटणी म्हणायचो. काम त्याच दिवशी संपवावं लागायचं, नाहीतर तिकडे कुणाचा तरी पगार अडकायचा. त्यातून आमच्या टीममध्ये एक रीत पडली होती. जो रजेवर होता त्याने परत येताना सगळ्यांसाठी डबा आणायचा. चिवडा, शंकरपाळे, भजी, काहीही. तो रजेचा डबा. ही रीत हेमाताईंनीच पाडली असं जुने लोक सांगायचे. त्या कबूल करायच्या नाहीत.

मला ही रीत कुणी सांगितली नव्हती. पहिली रजा मी परीक्षेसाठी घेतली आणि परत आलो तो रिकाम्या हाताने. चहाच्या वेळी सगळे पँट्रीत जमले, एक-दोघांनी माझ्या पिशवीकडे बघितलं. तेवढ्यात हेमाताईंनी मला त्यांच्या टेबलापाशी बोलावलं, खालच्या खणातून एक स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "आईने दिलाय म्हणून सांग. आणि झाकण जरा घट्ट आहे, सगळ्यांसमोर झटापट करू नकोस." नारळाच्या वड्या होत्या. त्या खणात एक डबा नेहमी तयार असायचा, ज्याला आणणं जमणार नाही त्याच्यासाठी. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

त्या माहीमच्या कोळीवाड्यातल्या. आई दादरच्या मासळी बाजारात बसायची. घरातून ऑफिसात जाणारी पहिली बाई हेमाताई, म्हणूनच असेल, मला त्यांनी लवकर जवळ केलं. पण जवळ केलं म्हणजे लाड केले असं नाही. मी कॉलेजचं काही बोललो की "काय म्हणतात प्रोफेसर?" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायच्या. एसीचा त्यांना त्रास व्हायचा, खुर्चीवर शाल असायची. पाय टेकायला कागदांचा एक खोका उलटा करून ठेवला होता. ऑफिसने नंतर पाय ठेवायला चांगली फळी दिली ती त्यांनी शेजारी बसणाऱ्या स्वप्नालीला दिली.

स्क्रीनवर आम्हाला नाव दिसायचं नाही, फक्त नंबर, वय, कामाचा प्रकार आणि आजार. हेमाताईंना नंबर म्हणजे माणूस वाटायचा नाही. त्यांनी सगळ्यांना नावं ठेवली होती. गोदामात पेट्या उचलणारा बाळू. डोकं दुखतं म्हणून दर महिन्याला दोन दिवस घेणारा भाऊसाहेब. पॅकिंगवर असलेली मोठी सुमन. केस उघडताना त्या पुटपुटायच्या, "या, बसा." आणि बंद करताना, "सांभाळून जा." नव्या मुलांना हसू यायचं. मलाही आलं होतं.

सुरुवातीच्या काळात त्या ह्या रजांवर चिडायच्या म्हणे. स्वप्नाली माझ्याआधी चार वर्षं त्यांच्या शेजारी बसलेली, ती सांगायची. "पाठ दुखते म्हणून महिनाभर? आमच्या आयेने ताप अंगात घेऊन पाट्या उचलल्यात," असं म्हणत त्या मंजुरीचं बटण दाबायच्या, जणू स्वतःच्या घरचं तांदूळ-पीठ वाटून देतायत. मग वर्षं गेली. रजेवर गेलेले ते लोक परत येताना त्यांना दिसू लागले. दोन तास, चार तास, पूर्ण दिवस. आणि परत आल्यावर टिकताना दिसू लागले.

बाळूची पाठ माझ्यासमोर दुसऱ्यांदा गेली. मी सहज म्हणालो की माझे वडील शिवडीच्या गोदामात हेच काम करतात. त्यांनी वडिलांचं वय विचारलं. मी सांगितलं. त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाळूएवढेच की रे." मग विचारलं, त्यांची पाठ दुखली की ते काय करतात. मी सांगितलं, कमरेला आईची जुनी साडी घट्ट बांधतात आणि जातात. रोजंदारी आहे, न जाऊन कसं चालेल.

"आणि काम?"

म्हणालो, काम होतं, पण आता पूर्वीसारखं होत नाही, मुकादम बोलतो.

"बोलणारच," त्या म्हणाल्या. "बाळू दुखलं की घरी जातो आणि बरा होऊन कामावर येतो. तुझे बाबा दुखत असताना कामावर येतात. मग तुझ्या कॉलेजात विचारतात, तिकडचा माणूस जास्त काम कसं करतो."

त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या आईचं आणखी एक सांगितलं. आई ताप घेऊन बाजारात बसायची हे खरं. पण पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असायच्या, नारळीपौर्णिमेपर्यंत दर्यावर कुणी जायचं नाही. बायका सुक्या मासळीवर घर चालवायच्या, पुरुष जाळी विणत बसायचे. "मासळीचा पोटुशीचा काळ असतो तो. तेव्हा दर्याला सोडलं नाही तर पुढे जाळं रिकामं येतं. आमच्या अडाणी लोकांना हे कळत होतं." मग शाल ओढून घेत म्हणाल्या, "दर्याला कळतं. ऑफिसला कळत नाही."

मी हे निबंधात घातलं नाही. आता वाटतं, घालायला हवं होतं.

एकदा तिकडून त्या कंपनीच्या एक बाई आल्या, इंग्रिड. उंच, साध्या कपड्यातल्या. आमचे टीम लीडर विनीत सर त्यांना आकडे दाखवत होते आणि आमच्या टीममध्ये आजारपणाच्या रजा जवळजवळ नाहीतच हे अभिमानाने सांगत होते. इंग्रिडना वाटलं, माहिती भरताना काहीतरी चुकलं असेल. त्यांनी सरळ हेमाताईंनाच विचारलं, तुम्ही शेवटच्या आजारी कधी होता? हेमाताई उभ्या राहून इंग्रजीत म्हणाल्या की त्या कधी आजारी पडत नाहीत. त्यांना त्या दिवशी ताप होता. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. इंग्रिडनी निघताना हात मिळवला, तेव्हा त्यांनाही कळलं असणार, कारण त्यांनी हात लवकर सोडला नाही.

जेवताना हेमाताईंनीच त्यांना दर्याचं आणि होड्यांचं सांगितलं, स्वप्नालीने इंग्रजी जुळवून दिलं. इंग्रिड म्हणाल्या की म्हणजे तुमच्या समुद्राचा करार तुमच्या नोकरीच्या करारापेक्षा चांगला आहे. सगळे हसले. हेमाताई सगळ्यात जास्त हसल्या. संध्याकाळी पाच वाजता इंग्रिडनी लॅपटॉप मिटला आणि त्या गेल्या. विनीत सरांना ते जरा लागलं. हेमाताई मला म्हणाल्या, "बघितलंस? पाचला गेली. पण पाचपर्यंत तिने मान वर केली नाही. मी नऊपर्यंत बसते आणि मधे सतरा वेळा खिडकीतून चिमणी बघते." आमच्या खिडकीतून जुन्या गिरणीची चिमणी दिसायची, ती इमारत बांधणाऱ्यांनी पाडलेली नाही.

हे सगळं ज्या बाईला एवढं लख्ख कळत होतं, तिने स्वतः रजा का घेतली नाही, हे मला नीट सांगता येईल की नाही ते माहीत नाही.

इंग्रिड येऊन गेल्या त्याच वर्षी, पावसाळ्यानंतर हेमाताई बारीक होऊ लागल्या. आधी स्वप्नाली म्हणाली, ताई, छान दिसताय. मग म्हणायची थांबली. डबा उघडून दोन घास घ्यायच्या आणि उरलेलं कुणाला तरी द्यायच्या. पोटात बारीक दुखत असायचं. पालिकेच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं, दाखल व्हा, तपासण्या करू, बहुतेक ऑपरेशन लागेल. हे त्यांनी मला आणि स्वप्नालीला सांगितलं, एखाद्या केसबद्दल सांगावं तसं. आणि पुढे म्हणाल्या, आत्ता नको.

आत्ता नको, कारण स्वप्नालीला सहावा महिना होता. हेमाताई गेल्या तर वाटणीत त्यांच्या अवघड केसेस स्वप्नालीकडेच जाणार, त्या दुसऱ्या कुणाला नीट येत नव्हत्या. स्वप्नाली म्हणाली, ताई, मी करीन. त्या म्हणाल्या, "तू नुसती बसून राहा, तेवढं कर." मग स्वप्नाली बाळंतपणाच्या रजेवर गेली. तेव्हा तिची वाटणी आमच्यावर आली, आता हेमाताई कशा जाणार? मग माझ्या परीक्षा आल्या. आमच्या टीममध्ये नेहमी कुणाचं तरी काहीतरी असायचं, आणि प्रत्येक वेळी ते हेमाताईंच्या पोटापेक्षा मोठं ठरायचं. तिकडे एक माणूस गेला तर जागा भरायची व्यवस्था असते. आमच्याकडे जागा भरायला आम्हीच होतो. एकमेकांवर माया होती, म्हणून कुणी हलत नव्हतं.

मी एकदाच हिंमत करून म्हणालो की ताई, थांबू नका. तेव्हा त्यांनी मला मोठ्या सुमनची केस उघडून दाखवली. पॅकिंगवरची बाई, वय त्यांच्याएवढंच. वजन उतरणं, पोटात दुखणं, मग ऑपरेशन. खाली शेवटची ओळ होती, पूर्ण वेळ कामावर रुजू. ती केस त्यांनीच बंद केली होती.

"हेच होतं तिला. अगदी हेच. आणि आता बघ, पेट्या भरते."

बटण दाबताना त्यांनी सुमनला "सांभाळून जा" म्हटलं असणार, आणि ती सांभाळून गेली. तेवढंच त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मी वरच्या तारखेकडे बघत होतो. दुखायला लागलं त्याच आठवड्यात सुमन घरी गेली होती. मी ते बोट दाखवून सांगितलं. हेमाताईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "तिला घरी जाता येत होतं, प्रोफेसर."

मग त्यांच्या चुका होऊ लागल्या. तारखा उलटसुलट व्हायच्या. एकाचं वेळापत्रक दुसऱ्याला लागायचं. ज्या केसला त्यांना दहा मिनिटं लागायची तिला तास जायचा, आणि "या, बसा" म्हणून झाल्यावर त्या बराच वेळ नुसत्या बसून राहायच्या. आम्ही काय करायचो, त्या चहाला उठल्या की त्यांच्या केसेस उघडून दुरुस्त करायचो. नंतर नंतर तर त्यांच्या यादीतल्या अर्ध्या आम्ही आधीच उचलून ठेवायचो आणि विनीत सर त्यांना म्हणायचे, आज काम कमीच आलंय. म्हणजे वाटणी व्हायची ती होतच होती. ज्या वाटणीपासून आम्हाला वाचवायला त्या रोज येत होत्या, ती रोज त्यांच्या समोर होत होती, आणि त्या घरी पडून राहण्याऐवजी तिथे बसलेल्या होत्या. बाईंनी वर्गात विचारलं होतं, कष्टाळूपणा महत्त्वाचा की आधार? हेमाताईंइतका कष्टाळूपणा मी कुणात बघितलेला नाही. पण त्या शेवटच्या महिन्यांत त्यांच्या हातून होणारं काम जवळजवळ काहीच नव्हतं. हे वाक्य लिहिताना मला वाईट वाटतंय, पण ते खोटं नाही.

शेवटी एक दिवस त्या पँट्रीत खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. त्यांचे मिस्टर येऊन घेऊन गेले. दोन दिवसांनी त्या परत आल्या, रजा मांडायला. विनीत सर म्हणाले, फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यांना टेबल आवरायचं होतं.

त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला मी गेलो. माझाही तो नोकरीचा शेवटचा आठवडा होता, पुढे अभ्यासाला घरी बसणार होतो. शाल त्यांनी घेतली होती, कप मात्र टेबलावरच ठेवला. मी आठवण केली तर म्हणाल्या, राहू दे, परत यायचंच आहे. चालताना दोनदा थांबल्या. माहीमकडे जाणाऱ्या बसला वेळ होता. बाकावर बसून त्यांनी मला त्यांचं वेळापत्रक सांगितलं, अगदी आमच्या पद्धतीने. ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात दोन तास यायचं. नुसतं बसायचं, अवघड काही घ्यायचं नाही. मग अर्धा दिवस. मी विचारलं, सर देतील? त्या माझ्याकडे बघून हसल्या. "मी इतक्या जणांना दिलं, मला कुणी देणार नाही?"

बस आली. दोन्ही हातांनी दांडा धरून त्या चढल्या, कंडक्टर घंटी न वाजवता थांबला. खिडकीशी बसल्यावर त्यांनी काच सरकवली. माझ्या तोंडून निघून गेलं, "सांभाळून जा."

"माझा डबा राहिला," त्या म्हणाल्या. "आल्यावर आणते."

ह्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. एकदा फोन केला तेव्हा मिस्टर म्हणाले, झोपलीय. दुसऱ्यांदाही तेच म्हणाले. मग परीक्षा सुरू झाली आणि माझा फोन बहुतेक बंदच असायचा.

शेवटचा पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वप्नालीचा फोन आला. ती नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परत रुजू झाली होती, मागे कुठेतरी तिचं बाळ रडत होतं. तिने आधी पेपर कसे गेले ते विचारलं. त्यावरूनच मला कळलं. हेमाताई जाऊन तीन आठवडे झाले होते. ऑपरेशन झालं होतं, पण उघडून बघितल्यावर डॉक्टरांनी फारसं काही केलं नाही. माझे पेपर होईपर्यंत मला सांगायचं नाही, असं हेमाताईंनीच सांगून ठेवलं होतं.

स्वप्नाली पुढे सांगत राहिली. तेराव्यानंतर मिस्टर ऑफिसात आले होते. खाली सिक्युरिटीने अडवलं, कुणाला भेटायचं ते त्यांना सांगता येईना. हातात मोठा डबा होता. मग विनीत सर स्वतः खाली जाऊन त्यांना वर घेऊन आले. नारळाच्या वड्या होत्या, त्यांनी स्वतः केलेल्या. खोबरं जरा करपलं होतं. सगळे पँट्रीत उभे होते आणि कुणी हात पुढे करेना, तेव्हा मिस्टरच डबा घेऊन एकेकापाशी गेले.

विनीत सर त्यांना म्हणाले की काका, एवढं कशाला, एवढा मोठा डबा.

"तिनेच सांगितलं, मोठा घ्या," ते म्हणाले. "म्हणाली, मी चहाला उठले की माझं काम करायचे सगळे. मला दिसत नाही असं त्यांना वाटायचं."